गोऱ्ह्याचा चिमटा आणि माझी नसबंदी

लंगोट मागितल्यावर दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझं वजन छप्पन्न किलो. "कुस्तीले?" त्यानं विचारलं. मी "हो" म्हणून मोकळा झालो. शेजारी दोर घ्यायला आलेला एक म्हातारा म्हणाला, "आता कोठी राह्यल्या बावा कुस्त्या," आणि त्याच्या काळातल्या शंकरपटापासून, म्हणजे बैलांच्या शर्यतींपासून, सुरू झाला. मी पैसे दिले, लाल लंगोट पिशवीच्या तळाशी घातला, त्यावर वांगी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, टाकला आणि बाजारातून निघालो.

मेडिकलमध्ये सपोर्टर मिळतो हे मला माहीत होतं. पण मेडिकलवाला आमच्याच गावचा. त्याच्याकडे सपोर्टर मागणं म्हणजे ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगणं.

मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार. पाच एकर वावर, त्यात पराटी म्हणजे कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. वय बत्तीस. दोन मुली. थोरली पहिलीत, धाकटी २०२३ च्या एप्रिलमधली. तिसरं नको हे आम्हा दोघांचं ठरलेलं होतं. आईचं ठरलेलं नव्हतं, पण तो भाग पुढे येईल.

धाकटीच्या वेळी सीझर झालं. त्यानंतर बायकोचं हिमोग्लोबिन आठाच्या वर जाईना. तांबी बसवली तर पाळी दहा-दहा दिवस चालायची, म्हणून ती काढली. गोळ्यांनी तिला मळमळायचं. मग आशाताई शिबिराची तारीख घेऊन आली: बायांचं ऑपरेशन, दुर्बिणीचं, सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. बायको काही बोलली नाही. लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत बसली.

माझ्या डोळ्यांसमोर माझी वहिनी होती. तिचं चार वर्षांपूर्वी असंच शिबिरात झालं. वऱ्हांड्यात सतरंजीवर ओळीनं बाया झोपवलेल्या, गुंगी उतरायच्या आत गाडीत घातलेल्या. आठव्या दिवशी ती वावरात होती. एका हातानं कापूस वेचायची आणि दुसऱ्या हातानं पदराची घडी पोटावर दाबून धरायची. ओटी भरली की खाली बसायची. आम्ही सगळे पाहत होतो, मीही. कोणाला काही वाटलं नाही, कारण बायांचं असंच असतं.

मी आशाताईला म्हटलं, "माणसाचं होत नाही का?"

"थट्टा करून राहिले का, भाऊ?"

"नाही. विचारून राहिलो."

तिनं पिशवीतलं रजिस्टर बाहेर काढलं, पुन्हा आत ठेवलं. म्हणाली, "बारा वर्सं झाले मले. माणसाच्या दोनच केसी भेटल्या. एक पळून गेला."

त्या रात्री मी मोबाइलवर शोधत बसलो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या नसबंदी झालेल्या बायांचं प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांचं ०.३ टक्के. मी तो आकडा दोनदा वाचला. दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडलं असावं असं वाटलं. पडलेलं नव्हतं.

बायकोला सांगितलं तर ती आधी हसली. मग म्हणाली, "तुमाले काही झालं तर?" मी म्हटलं, "आणि तुले झालं तर?" यावर ती गप्प बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "पण मग तुमी... तसे राहान ना?"

तसे म्हणजे कसे, हे मला न सांगता कळलं. कारण माझ्याही मनात तेच होतं. माझ्या मनात गोऱ्हा होता.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एक गोऱ्हा होता, पांढरा, शिंगांनी खुंटा उपटणारा. जनावरांच्या डॉक्टरला बोलावून त्याला चिमटा मारला. चार जणांनी पाडून धरलं, डॉक्टरनं तो लांब दांड्यांचा लोखंडी चिमटा लावला आणि दाबला. रक्ताचा थेंब नाही, फक्त एक कट्ट आवाज. गोऱ्हा एकदाच हंबरला. दोन महिन्यांत त्याची मान खाली आली, अंग भरलं आणि तो मुकाट्यानं डवऱ्याला चालू लागला. शेतीच्या गावात नसबंदी म्हटलं की पुरुषाला हे चित्र दिसतं. कोणी बोलत नाही, पण प्रत्येकानं ते पाहिलेलं असतं. पानठेल्यावर पुढे जे काही ऐकलं ते सगळं या चिमट्याभोवतीच होतं.

ऑपरेशनआधी समजावून सांगायला बोलावतात. ग्रामीण रुग्णालयातले डॉक्टर तरुण होते. भिंतीवरच्या चित्रावर पेन ठेवून सांगत होते: ही शुक्रवाहिनी, हिचा छोटा तुकडा कापायचा, दोन्ही टोकं बांधायची. मी चित्राकडे पाहत मान हलवत होतो आणि डोक्यात गोऱ्हा हंबरत होता. शेवटी विचारलंच.

डॉक्टर हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. म्हणाले, "गोऱ्ह्याची पूर्ण दोरी दाबतात. तिच्यात रक्ताच्या नळ्या असतात. रक्त बंद झालं की अंडाची गोळी सुकते. गोळी सुकली की हार्मोन बंद, म्हणून तो बैल होतो. तुमच्या रक्ताच्या नळ्यांना आम्ही हात लावत नाही. गोळी जिवंत राहते, हार्मोन रक्तातून अंगभर जात राहतं. बंद होते ती फक्त शुक्रजंतूंची वाट."

"मग ते जंतू साचत नाहीत का?"

"शरीर जिरवतं. आणि बाहेर जे येतं त्यात जंतूंचा वाटा शंभरात दोन ते पाच. तुम्हाला फरक दिसणारसुद्धा नाही."

आपल्याकडे ही माहिती देताना लोक 'पुरुषत्वावर परिणाम होत नाही' एवढंच म्हणून थांबतात. त्यानं माझ्यासारख्याचं समाधान होत नाही. कोणी गोऱ्ह्याचं नाव घेऊन फरक सांगितला की डोक्यात प्रकाश पडतो.

मग त्यांनी उलट बाजू सांगितली. हे कायमचं समजून करा. नळी परत जोडण्याचं ऑपरेशन असतं, पण जोडली तरी मूल होईलच असं नाही. क्वचित एखादी केस फेल जाते. आणि ऑपरेशनच्या दिवसापासून तीन महिने निरोध वापरायचाच, कारण पुढच्या नळीत आधीचे जंतू शिल्लक असतात. तीन महिन्यांनी वीर्य तपासायचं. रिपोर्ट शून्य आला तरच झालं म्हणायचं. संमतीपत्र त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. धाकटं मूल वर्षाच्या वरचं आहे का, याआधी दोघांपैकी कोणाचं ऑपरेशन झालंय का, हे विचारलं. बायकोची सही लागत नाही म्हणाले. ती बाहेर बाकड्यावर बसली होती. मला वाटलं सही लागली असती तर बरं झालं असतं, निदान आत तरी आली असती.

तारीख ठरली २०२४ च्या नोव्हेंबरमधली. दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो, त्यातलीच. हा पंधरवडा नेमका कापूस वेचायच्या दिवसांत येतो. शेतीच्या मुलखात ही तारीख ज्यानं कोणी ठरवली त्यानं पराटी फक्त फोटोत पाहिली असावी.

आता आईचं. तिला सांगायचं की नाही यावर आमच्या दोघांत आठ दिवस कुजबुज झाली. लपवणं शक्य नव्हतं. मी रात्री जेवताना सांगितलं. आईनं ताटातली भाकर मोडायची थांबवली. "दोनी पोट्टीच हायत," ती म्हणाली. एवढंच. मग बायकोकडे पाहून, "तिचं करा. तू काहून?" बायको चुलीपुढून उठून गेली. आई त्यानंतर चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि त्या प्रश्नावर आजही आमचं एकमत नाही.

गंमत केली ती आजीनं. तिला ऐकू कमी येतं, सगळ्यांना वाटतं ती झोपलेली आहे. ती बाजेवरून म्हणाली, "याच्या आबाजीचं झालंच होतं ना."

चूल विझल्यासारखी शांतता. आईलासुद्धा माहीत नव्हतं.

आजीच्या सांगण्याप्रमाणे ते १९७६ साल. आणीबाणी. संध्याकाळी जीप आली की गावातले माणसं तुरीत जाऊन झोपायचे. त्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या आणि त्यांतल्या साठ लाखांहून जास्त पुरुषांच्या, हे मी नंतर वाचलं. २०१९-२१ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आलेली ही गोष्ट तेव्हा घराघरात होती, आणि जीपमधून आली म्हणूनच बहुतेक ती पुढे कोणाला जवळ करावीशी वाटली नाही. आबाजी मात्र पळाले नव्हते. पाच लेकरं झाली होती, मास्तरनं शब्द टाकला, ते सायकलवर बसून गेले. "एक तुपाचा डबा भेटला," आजी म्हणाली. "आन पुढच्या उन्हायात विहीर खोदली त्याईनं. तीस हात."

त्या विहिरीवर आजही आमची पराटी भिजते. आबाजींनी ही गोष्ट चाळीस घरांच्या गावात मरेपर्यंत कोणाला कळू दिली नाही, आणि मी एक लंगोट लपवू शकलो नाही. घरी आल्यावर पिशवी आईनंच रिकामी केली होती.

ऑपरेशनच्या दिवशी अंघोळ करून, थोडा नाश्ता करून गेलो. तिथे आम्ही चौघं. एक ऑटोवाला, एक शाळेतला शिपाई, एक रोजमजुरीवाला आणि मी. चौघंही एकमेकांकडे न पाहता भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचत होतो. बीपी, हिमोग्लोबिन, लघवी तपासली. माझं हिमोग्लोबिन तेरा निघालं. घरात एकजण तेरावर आणि एकजण आठावर, हे त्या कागदावर पहिल्यांदा शेजारी शेजारी दिसलं. खातो आम्ही एकाच चुलीवरचं. फक्त ती शेवटी खाते.

केस काढायचं काम एका वयस्क कर्मचाऱ्यानं केलं. तो इतका निर्विकार होता की लाज वाटायला वेळच मिळाला नाही. सोयाबीनला काय भाव गेला हे विचारत विचारत त्यानं पाच मिनिटांत आवरलं.

आत टेबलावर झोपवल्यावर डॉक्टरांनी आधी पंखा बंद करायला सांगितलं. थंडीनं कातडी आकसते, मग नळी हाताला लागत नाही. लिंग वर पोटाकडे घेऊन चिकटपट्टीनं चिकटवलं. मग बेटाडिन. ते एवढं गार होतं की पंखा बंद केल्याचा काही उपयोग झाला असेल असं मला वाटत नाही. मध्ये हिरव्या कापडाचा पडदा.

"आता मुंगळा चावल्यासारखं होईल," डॉक्टर म्हणाले. मुंगळाच चावला. लिग्नोकेनची सुई. दोन-तीन सेकंद जळजळ, मग हळूहळू ती जागा माझी राहिली नाही. डॉक्टर बोटांनी काहीतरी चाचपत होते. तीन बोटांत नळी पकडायची असते, ते मदतीला उभ्या असलेल्या शिकाऊ डॉक्टरला दाखवत होते: "बघ, भिजवलेल्या सुतळीसारखी लागते. बाकी सगळं मऊ, ही एकच टणक." मग म्हणाले, "रिंग द्या."

सिस्टरनं त्यांच्या हातात चिमटा दिला.

मी पडद्यावरून मान उंचावली. डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यांनी तो चिमटा वर धरून दाखवला. कात्रीएवढा, टोकाला छोटंसं गोल कडं. "यात नळी धरतात. फक्त धरतात," ते म्हणाले. दुसरा चिमटा अणकुचीदार, त्यानं कातडीला एकच भोक पाडायचं आणि ते ताणून मोठं करायचं. ब्लेड नाही, म्हणून टाका नाही. ही पद्धत चीनमधल्या ली शुनचिआंग नावाच्या डॉक्टरांनी १९७४ साली काढली, आपल्याकडे ती नव्वदच्या दशकात आली. आबाजींच्या वेळी ब्लेड होतं आणि टाके होते. ते सायकलवरूनच परत आले होते म्हणे, ते कसे आले असतील याचा विचार मी अजूनही करतो.

दुखलं का? कापताना नाही. पण नळी बाहेर ओढली तेव्हा बेंबीच्या खाली, आतून, कोणीतरी विहिरीच्या तळाशी बांधलेला दोर हलकेच ओढावा तसं झालं. ती जागा बधिर, पण दोराचं दुसरं टोक बधिर नव्हतं. माझे पाय आपोआप आखडले. "श्वास सोडा," सिस्टर म्हणाल्या. तसं दोनदा झालं, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. दुसऱ्या वेळी मला माहीत होतं म्हणून जास्त वाटलं. तुकडा कापून, रेशमी धाग्यानं बांधून, दोन टोकांच्या मध्ये आतलंच आवरण घालून ठेवतात, म्हणजे टोकं पुन्हा एकमेकांना शोधत येऊ नयेत. दोन्ही बाजू त्या एकाच भोकातून. वीस मिनिटांच्या आत सगळं झालं. ट्रेमध्ये दोन तुकडे पडले होते, शिजलेल्या शेवईच्या टोकांएवढे. एवढ्यासाठी तीन पिढ्यांनी तुरीत लपायचं.

वर एक गॉजची घडी, आणि सिस्टरनं विचारलं, "लंगोट आणलाय ना?" लाल लंगोट पाहून शिकाऊ डॉक्टर पहिल्यांदा हसला. बाकी तिघांनी सपोर्टर आणले होते.

अर्धा-पाऊण तास झोपवून ठेवलं आणि कागद दिला. दोन दिवस पूर्ण आराम. एक दिवस जागा कोरडी. आठ दिवस सायकल नाही, वजन उचलणं नाही. ताप आला, रक्त आलं, सूज वाढली तर लगेच यायचं. घरी सोडायला गाडी मिळेल असं सांगितलं होतं, ती दुसरीकडे गेली होती. आम्ही काळीपिवळीत बसलो. तालुका ते आमचा फाटा हा रस्ता मी हजार वेळा गेलो असेन, पण त्यातला प्रत्येक खड्डा त्या दिवशी ओळखीचा झाला. ड्रायव्हरला बायकोनं "हयू चालवा, पेशंट हाय" म्हटलं. "काय झालं?" त्यानं विचारलं. गाडीत चौदा माणसं. बायको म्हणाली, "हर्निया."

दोन दिवस बाजेवर पडून होतो. दुखणं म्हणाल तर क्रिकेटचा बॉल लागल्यानंतर दुसऱ्या दिवशी राहतं तेवढं. पॅरासिटामॉलवर भागलं. पण पडून राहणं कठीण होतं, कारण वावरात कापूस फुटलेला. बायको मुलीला कडेवर घेऊन वेचणीवाल्या बायांबरोबर जायची, संध्याकाळी काटा करायची, रजिस्टर लिहायची. कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये जाहीर होता आणि दारात आलेला व्यापारी सात हजारांच्या खालचं बोलत होता. त्याच्याशी तीच घासाघीस करत होती, मी बाजेवरून ऐकत होतो. मला जमली नसती अशी केली.

चौथ्या दिवशी मी माती खाल्ली. ढगाळलं होतं, अंगणात कापसाची गाठोडी उघड्यावर. कागदावर आठ दिवस लिहिलेत हे माहीत होतं. मी एकच उचललं. जड नव्हतं, पंधरा-सोळा किलो असेल. रात्री डावी बाजू टणक झाली. सकाळी लिंबाएवढी गाठ आणि कातडी जांभळी. आता खरोखर गोऱ्हा झालो, असं वाटून मला घाम फुटला. आशाताईला फोन केला. ती आली, पाहिलं नाही, विचारलं मात्र सगळं, आणि म्हणाली, "गाठोडं उचललं असन." तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात गेलो. आत थोडं रक्त साचलंय, पू नाही, ताप नाही, आपोआप जिरेल असं डॉक्टरांनी सांगितलं. आणखी आठ दिवस लंगोट, आराम, फडक्यात गुंडाळून बर्फ. बर्फ कुठला? पानठेल्यावरच्या कोल्ड्रिंकच्या फ्रीजमधून रोज दोन पाणपाऊच गोठवून आणायचे. आणायला थोरली जायची. तिसऱ्या दिवशी पानठेलावाल्यानं तिला विचारलं, बर्फ कशाला? ती म्हणाली, "बाबाच्या ऑपरेशनले." कुठलं ऑपरेशन हेही तिनं सांगितलं. घरातलं सगळं ती ऐकत होती.

झालं. गाव मोकळं झालं.

मी पुन्हा उठून पानठेल्यावर गेलो तेव्हा खर्रा घोटणाऱ्याचा हात थांबला. एकानं विचारलं, "का बे, बैल झाला म्हंते तू?" दुसरा म्हणाला, "बायकोनं करायले लावलं असन." एक चुलतकाका आहेत, तीन लेकरं असल्यानं पंचायतीला उभं राहता येत नाही, २००१ चा नियम आडवा येतो. ते म्हणाले, "हेच मले कोनं तवा सांगतलं असतं तर आज सरपंच असतो." सगळे हसले, आणि विषय माझ्यावरून त्यांच्यावर गेला. चिडवणं महिनाभर चाललं. जानेवारीत तुरीच्या भावानं त्याला मागे टाकलं.

गाठ पंधरा दिवसांत जिरली. पुढचं थोडक्यात सांगतो: तिसऱ्या आठवड्यात मी गोऱ्हा झालेलो नाही याची खात्री झाली. निरोध वापरला. आशाताई पाकिटं द्यायची, बायको ती पापडाच्या डब्यात ठेवायची.

खरा लोच्या मार्चमध्ये. वीर्य तपासणी. तालुक्याच्या दवाखान्यात नमुना द्यायचा तर संडासात जा म्हणाले. कडी नव्हती, बाहेर रांग होती. मी तसाच परत आलो. प्रयोगशाळेतल्या ताईंनी सांगितलं, घरून आणा, पण तासाभराच्या आत, आणि डबी अंगाजवळ ठेवा, गार होऊ देऊ नका. आमच्या गावाहून मोटारसायकलनं पस्तीस मिनिटं. सकाळी डबी सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली, गाडीला किक मारली, आणि फाट्यावर गावातले एक आजोबा हात करून उभे. "बँकेत सोडतं का, बापू?" नाही म्हणता येईना. वाटेत त्यांनी चहाचा आग्रह केला. मी गाडी थांबवली नाही. "लय घाई हाय का?" हो म्हटलं. "कायची?" मी आरशात पाहिलं आणि म्हटलं, "नाशवंत माल हाय." त्यांना दूध वाटलं.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, एखाद-दुसरा न हलणारा शुक्रजंतू. ताई म्हणाल्या, असं होतं, महिन्यानं पुन्हा आणा, तोवर निरोध सोडू नका. माझ्याबरोबरच्या तिघांबद्दल मी विचारलं. तपासायला अजून कोणीच आलं नव्हतं. मी आशाताईकडून ऑटोवाल्याचा नंबर मिळवून फोन केला. तो म्हणाला, "पैसे आले ना खात्यात, मग झालंच की." माझ्याही खात्यात आले होते, १,४५१ रुपये. त्यानं निरोध कधीच सोडला होता. मी त्याला एखाद-दुसऱ्याची गोष्ट सांगितली. तो दुसऱ्याच दिवशी डबी घेऊन गेला, शून्य निघाला, आणि मला फोनवर शिव्या घातल्या, की रात्रभर झोप लागली नाही.

एप्रिलमध्ये माझाही शून्य आला. ताईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. गोल उजेड, त्यात दोन-चार बुडबुडे, बाकी पांढरं रान. शिक्क्याचं प्रमाणपत्र पुढच्या आठवड्यात मिळालं. बायकोनं ते लॅमिनेट करून आणलं आणि मुलींचे जन्मदाखले, केशरी रेशनकार्ड, सातबारा असलेल्या पिशवीत ठेवलं. धाकटीला सरकारच्या लेक लाडकी योजनेचा दुसरा हप्ता, पहिलीत गेल्यावरचे ६,००० रुपये, मिळायचा असेल तर आई-बापातल्या एकाचं हे प्रमाणपत्र लागतं. अंगणवाडीताईनं कागद हातात घेतला, नाव वाचलं, आणि म्हणाली, "हे तर तुमच्या नावाचं हाय." मग पुन्हा वाचलं.

परवा रात्री दहाला फोन आला. अनोळखी नंबर, आवाज दबका. शेजारच्या गावचा एकजण, आशाताईनं नंबर दिलेला. तो बराच वेळ पावसाचं बोलला, बोंडअळीचं बोलला. मी थांबलो. शेवटी म्हणाला, "भाऊ, एक विचारू का? थो चिमटा लावते का?"

"लावते," मी म्हटलं. "पण त्याचं तोंड गोल रायते. उद्या वावरात ये, सांगतो."